सविकल्प समाधी आणि चार वर्षांची मुलगी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ या मनोरंजन उद्यानात जाऊन आलो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. सांगवीहून पहाटे चारला निघालो, बारामतीमार्गे पुणे गाठले आणि पुढे द्रुतगती महामार्गाने घाट उतरलो. मराठीच्या अध्यापकांनी लिहावे असे या सहलीत काय आहे, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु त्या दिवशीच्या एका लहानशा प्रसंगाने, वर्गात अनेक वर्षे शिकवत आलेली एक संकल्पना आम्हांला पुन्हा तपासून पाहावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कबुली देतो की, आम्ही पूर्वग्रह बांधूनच गेलो होतो. बाजारपेठ मुलांची कल्पनाशक्ती मारते, गोष्टीतले पात्र मनात घडू देण्याऐवजी तयार करून पुढ्यात ठेवते, हे आपल्या वर्तुळातले आवडते विधान आहे. त्याला पुरावाही तेथे मिळतो. चित्रपट-निर्माते मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले हे उद्यान एप्रिल 2013 मध्ये सुरू झाले. 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर बेतलेला एक खेळ तेथे आहे. मोगॅम्बोला पाहून आम्ही हरखलो, मुलांनी मात्र ‘हा कोण?’ म्हणून विचारले. मुलांसाठी म्हणून नेलेल्या ठिकाणी पात्रे पुष्कळदा पालकांच्या स्मृतीतली असतात, हे तेव्हा जाणवले. अलीबाबा आणि चाळीस चोरांवरच्या खेळात प्रवाशाच्या हाती बंदूक येते आणि नेमबाजीचे गुण मिळतात. मूळ कथेत चोरांचा बीमोड होतो तो मर्जिना या दासीच्या चातुर्यामुळे. खेळ म्हणून नेमबाजीत गैर काही नाही. पण कथेचे मर्म मात्र तिच्याबरोबर कथेतच राहून जाते. येथवर आमचा पूर्वग्रह सुखात होता.

मग तो प्रसंग घडला. बाहुल्याच्या वेशातले, भल्या मोठ्या डोक्याचे एक पात्र मुलांना हात करत उभे होते. मोठा धावत जाऊन त्याला बिलगला. धाकटी आमच्या मागे दडली. आम्ही तिला पुढे ढकलले, ‘अगं, काही करत नाही तो, फोटो काढू’ म्हणालो. तिने भोकाड पसरले. वेशातला कलावंत समजदार असावा, कारण दोन पावले मागे सरून तो खाली बसला. घाई आमचीच होती. हाती भ्रमणध्वनी होता आणि आजीला छायाचित्र पाठवायचे होते. रडे ओसरल्यावर मुलीने एकच प्रश्न विचारला, “तो बोलत का नाही?”

या प्रश्नाने आम्हांला न. चिं. केळकरांकडे नेले. 1921 च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून तात्यासाहेबांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, हे आपल्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते तरी ठाऊक असते. वाचक वा प्रेक्षक पात्राशी तद्रूप होतो, पण स्वतःचे भान पूर्ण हरपत नाही. आपण आपणच राहून दुसरेही होतो, या दुहेरी अवस्थेत आनंद आहे, असा त्या मांडणीचा आशय. ही अवस्था प्रौढ रसिकाला सहजसाध्य आहे, असे गृहीत धरूनच आम्ही ती शिकवत आलो. तो विकल्प, म्हणजे ‘हे खरे नव्हे, हा खेळ आहे’ ही जाणीव, माणसाला मिळते कोठून, हा प्रश्न आम्ही वर्गात कधी उपस्थित केला नव्हता. आठ वर्षांच्या मुलाजवळ तो विकल्प होता. आत माणूस आहे हे त्याला ठाऊक होते आणि तरीही तो त्या बाहुल्याला मिठी मारू शकत होता. चार वर्षांच्या मुलीजवळ तो त्या घटकेला नव्हता. तिच्यापुढे उभे होते ते पात्र नव्हतेच. हलणारे, न बोलणारे, न मिटणाऱ्या डोळ्यांचे एक प्रचंड काहीतरी होते. तेथे ना समाधी संभवत होती, ना आस्वाद. उरले होते ते केवळ भय.

आता आमच्या भागातल्या जुन्या व्यवहाराकडे पाहावे. आमच्या लहानपणी सुगीच्या दिवसांत दारी बहुरूपी येई. हवालदाराचा वेश, हातात दंडुका आणि तोंडी ‘वॉरंट आलंय, चला चौकीवर’ अशी दरडावणी. आम्हीही आईच्या पदराआड दडत असू. पण बहुरूपी बोलत असे. त्याच्या दरडावणीत एकेक हास्यास्पद कलम मिसळत जाई, आजी पदर तोंडाला लावून हसू लागे, आणि शेवटी हवालदार स्वतःच सुपातले धान्य झोळीत घेऊन आशीर्वाद देई. भीती दाखवणे आणि ती सोडवणे, दोन्ही त्याच्याच कसबाचे भाग होते. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात रात्री देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे नाचतात. परंतु ते धारण करणारी माणसे गावातलीच असतात. रावणाच्या मुखवट्याआड आपल्या ओळखीचा काका असल्याचे पोराला ठाऊक असते. लोकपरंपरेने वेशाची शिवण कधी लपवली नाही. मुलाला विकल्प पुरवण्याचे काम तेथे पात्र, घर आणि गाव मिळून करत असे.

पात्रांच्या उद्यानाची रीत याच्या नेमकी उलट आहे. 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले आणि या प्रकाराचा नमुना जगापुढे आला. वेशातल्या कलावंताने प्रेक्षकांदेखत डोके उतरवायचे नाही, हा तेथला प्रसिद्ध दंडक. भ्रम अभंग राहावा, हा त्यामागचा हेतू. थोड्या मोठ्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी तो योग्यच आहे, कारण विकल्प त्यांनी बरोबर आणलेला असतो. चिमुरड्यांच्या बाबतीत मात्र शिवण दाखवण्याचे काम कोणी तरी केले पाहिजे, आणि ते पालकांवाचून दुसरे कोण करणार? आम्ही ते केले नाही, हा आमचा दोष. उद्यानाला बोल लावण्याचे कारण नाही.

‘आत माणूस आहे’ असे सांगितले तर जादूच संपेल, असा आक्षेप यावर येईल. आम्हांला तसे वाटत नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण एके काळी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि 2018 च्या पुनरुज्जीवित प्रयोगात वैभव मांगले यांनी. चेटकीण पुरुष नट करतो आहे, हे नाट्यगृहातल्या पुष्कळ मुलांना ठाऊक असते. तरी ती किंचाळतात, हसतात, अलबत्याला ओरडून सावध करतात. जाणीव आणि तन्मयता यांचे वैर नाही. केळकरांचे म्हणणे तरी दुसरे काय होते?

म्हणून आमचे मत असे झाले आहे. लहान मुलांना अशा ठिकाणी नेऊच नये, हा आपल्या अध्यापकवर्गाचा सोवळेपणा व्यर्थ आहे. पण तिकीट काढले म्हणजे पालकांचे कर्तव्य संपले, हेही खरे नाही. जाण्यापूर्वी गोष्ट सांगावी. अलीबाबाच्या खेळाला जाणाऱ्या मुलाला मर्जिना आधी भेटलेली असावी. वेशधारी पात्राकडे मुलाला दुरून, हवा तितका वेळ पाहू द्यावे. आत कोणी ताई वा दादा आहे, त्याला उकडत असेल, हे सांगावे. मिठीचा निर्णय मुलाचा असावा, छायाचित्र निघाले नाही तरी चालेल. चौथ्या वर्षी नाही जमले, तर सहाव्या वर्षी पुन्हा जावे. मोठ्या पाळण्यांपाशी उंचीची पट्टी लावलेली असते. पात्रांपाशी अशी पट्टी नसते, कारण तेथे मोजायचे ते पालकांनीच मोजायचे असते.

परतीच्या वाटेवर आम्ही मुलीला त्या मुक्या पात्राविषयी सांगितले. ती ऐकता ऐकता झोपली, तेव्हा काही पोहोचले असे वाटले नाही. पंधरा दिवसांनी घरी धान्य पाखडायचे सूप तोंडापुढे धरून ती भावासमोर उभी राहिली. एक शब्द बोलेना. भावाने घाबरल्याचे सोंग केले, तशी सूप बाजूला सारून म्हणाली, “अरे, मीच आहे!” हा खेळ त्या दिवशी वीस वेळा तरी झाला असेल.

सविकल्प समाधी शिकवताना आता आम्ही शाकुंतलाआधी हे सूप सांगतो. बहुतेक विद्यार्थी माळेगाव, पणदरे, सांगवीचे. त्यांच्यातल्या पुष्कळांनी काटेवाडीला तुकोबांच्या पालखीपुढचे मेंढ्यांचे रिंगण वडिलांच्या खांद्यावरून पाहिले आहे. खांद्यावर बसवून दाखवणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.