पहिल्याच दोषाशी थांबणारी तपासणी

हास्केलमधील यादी-तपासणीविषयी वाचकांच्या तक्रारी अलीकडे इतक्या वरचेवर येत आहेत, की त्यांचा परामर्श घेणे आम्हांस कर्तव्य वाटते. शेकडो नोंदींची यादी सादर करावी, तर ती एका नोंदीवर शेरा मारून परत येते; तेवढी दुरुस्त करून पुन्हा रुजू करावी, तर पुढच्या नोंदीतला दोष निघतो; आणि प्रत्येक हेलपाट्यास एकेक कागद कमी असल्याचे सांगणाऱ्या कचेरीतील कारकुनाची तऱ्हा आपल्याच हातून घडते.

'ऑल' लावून केवळ होय-नाही एवढाच निकाल घेणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे. कोणता घटक निकषास उतरला नाही, हे तेथे मुळीच कळत नाही. परंतु 'ट्रॅव्हर्स'ला 'ईदर'ची जोड देऊन स्वतःस सुज्ञ मानणारे सभासदही पहिल्या 'लेफ्ट'पाशीच अडतात. यात 'ईदर'चा अपराध नाही. तो मोनॅड आहे; मोनॅडमध्ये पुढची पायरी मागच्या मूल्यावर अवलंबून असू शकते, आणि 'ईदर'च्या अॅप्लिकेटिव्हला त्या मोनॅडशी सुसंगत राहणे भाग आहे. यादीतील सतराव्या नोंदीची तपासणी मात्र तिसरीच्या निकालावर अवलंबून नसेल, तर तिसरीच्या दोषापायी सतरावीची सुनावणी तहकूब का व्हावी? दोष संचित करणारा अॅप्लिकेटिव्ह मॅकब्राइड आणि पॅटरसन यांनी २००८ च्या आपल्या निबंधात मोजक्या ओळींत मांडून दाखविला. 'व्हॅलिडेशन' हा प्रकार त्याच वाटेचा, आणि बाहेरचे पॅकेज ज्यांना वर्ज्य, त्यांच्यासाठी 'पार्टिशनईदर्स' घरचेच आहे. इतकी वर्षे लोटूनही ही टाळाटाळ चालावी, हे आमच्या आकलनापलीकडचे आहे. अखंड प्रवाह असेल किंवा प्रत्येक तपासणी खर्चिक असेल, तेथे पहिल्या दोषाशी थांबावे. पण अर्जदाराने भरलेल्या मर्यादित यादीला ही सबब लागू नाही.

'ऑल'ने रिकामी यादी मान्य केली म्हणून एका वाचकाने भाषेवर ठपका ठेवला आहे, तो आम्हांस नामंजूर. दोन याद्या जोडल्यावरचा निकाल त्यांच्या स्वतंत्र निकालांच्या 'आणि'इतकाच यावयाचा, तर रिकाम्या यादीचे उत्तर 'ट्रू'च असले पाहिजे. रिकामी यादी नको असेल त्याने 'नॉनएम्टी' मागावे. २०१६ पासून ते 'बेस'मध्येच आहे.

सभासदहो, आपल्या दप्तरातील एक तरी तपासणी या महिन्यात बदला, प्रत्येक दोषापुढे नोंदीचा अनुक्रमांक घाला, आणि आधीचा व नंतरचा कोड आमच्याकडे पाठवा. पुढील अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.