वही कोणाच्या हाती?

वडिलांचे डिस्चार्ज कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. त्यावरची शेवटची ओळ अशी : 'प्रकृतीत सुधारणा. घरी सोडले.' त्या दिवशी वडिलांना उजवा हात उचलता येत नव्हता आणि नातवाला हाक मारायला गेले की तोंडातून भलताच शब्द येई. झटका पहाटे आला होता, रुग्णालयात पोचेतो दहा वाजून गेले होते. दाखल केल्याची वेळ केसपेपरवर होती. झटका किती वाजता आला, याची नोंद कुठेही नव्हती. डॉक्टर हयगय करणारे नव्हते, परिचारिका तर मायेने करीत. पण त्यांच्यापुढच्या कागदात या प्रश्नाला रकानाच नव्हता.

हा रकाना किती मोलाचा, हे मला फार उशिरा कळले. मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग अमेरिकेतल्या चाचणीने १९९५ मध्ये सिद्ध झाला, तेव्हा मुदत होती तीन तासांची. २००८ च्या युरोपीय चाचणीने ती साडेचार तासांपर्यंत नेली. वेळ घरात गेली, रस्त्यात गेली की रुग्णालयाच्या दारात गेली, हे लिहूनच ठेवले नाही तर सुधारायचे काय आणि कोणी?

स्वीडनने हा प्रश्न १९९४ मध्ये हाती घेतला. मुंबईहूनही कमी लोकवस्तीच्या त्या देशात 'रिक्सस्ट्रोक' नावाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. स्ट्रोकचे ताजे रुग्ण दाखल करून घेणारे प्रत्येक रुग्णालय १९९८ पासून तीत सामील आहे. पण मला मोह पडतो तो तिथल्या संगणकांचा नव्हे, वहीचा कारभार पाहणाऱ्या माणसांचा. उमेओ शहरातले डॉ. शेल आस्प्लुंड हे या वहीच्या आरंभकर्त्यांपैकी एक. तेच पुढे स्वीडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय नीतिपरिषदेचे अध्यक्ष झाले. यात मला योगायोग वाटत नाही. अशी वही चालवणे हे वरवर पाहता कारकुनी काम. प्रत्यक्षात त्यात पावलोपावली न्यायनिवाडा करावा लागतो.

पहिला निवाडा : विचारायचे काय? रिक्सस्ट्रोकचे कारभारी रुग्ण घरी गेला म्हणजे प्रकरण संपले असे मानत नाहीत. तीन महिन्यांनी त्याला प्रश्नावली जाते. एकट्याने हिंडता-फिरता येते का? कपडे घालायला, शौचाला जायला कोणाची मदत लागते का? मन खिन्न असते का? मिळालेल्या उपचारांबद्दल समाधान आहे का? हे प्रश्न वाचताना मला आमचे घर आठवले. त्यातला एकही प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता आणि त्यातल्या प्रत्येकाचे उत्तर आमच्यापाशी होते.

दुसरा निवाडा अधिक अवघड : कोणाची नोंद करायची, आणि कोणाला विचारून? कॅनडात २००१ मध्ये अशीच नोंदवही सुरू झाली आणि प्रत्येक रुग्णाची किंवा नातेवाइकाची रीतसर संमती घ्यायची असे ठरले. हेतू चांगलाच होता. पण पहिल्या टप्प्यात जेमतेम ३९ टक्के रुग्ण वहीत आले, पुढच्या टप्प्यात ५१ टक्के. अनेकांना गाठण्याआधीच ते घरी तरी गेले होते किंवा दगावले तरी होते. २००४ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले ते असे : वहीत आलेल्यांपैकी सुमारे ७ टक्के रुग्ण रुग्णालयात मरण पावले होते, वहीबाहेर राहिलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के. म्हणजे ज्यांच्यासाठी वही काढली, तेच सर्वांत आजारी लोक तिच्यातून गळाले. पुढे ओंटारिओ प्रांताच्या कायद्याने गुप्ततेच्या अटी घालून या वहीला वैयक्तिक संमतीवाचून नोंद करण्याची मुभा दिली. स्वीडनमध्ये रुग्णाला नोंदीची माहिती देतात आणि नको असेल तर बाहेर पडण्याचा हक्कही देतात. बेशुद्ध माणसाच्या वतीने काय ठरवावे, हे कोणताही संगणक सांगणार नाही.

तिसरा निवाडा धैर्याचा : नावे छापायची की नाही? स्वीडनच्या अहवालात रुग्णालयांची कामगिरी नावानिशी असते. ब्रिटनमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या नोंदणीने तर रुग्णालयांना 'ए' ते 'ई' अशा श्रेण्या दिल्या. यावर डॉक्टरमंडळी म्हणतील, आमच्याकडे अत्यवस्थ रुग्ण जास्त येतात, मग आमचेच आकडे वाईट दिसणार. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दाखल होताना रुग्ण शुद्धीवर होता की नाही हे आधी टिपावे लागते आणि तुलना करताना ते जमेस धरावे लागते. पण रास्त आक्षेपाची ढाल करून नावे कायमची झाकणे हा निराळा प्रकार झाला.

हे तिन्ही निवाडे केवळ डॉक्टरांवर सोपवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टर हवेतच, त्यांच्यावाचून वहीला अर्थ नाही. पण ज्याचे काम मोजायचे, त्याच्याच एकट्याच्या हाती मापटे देऊ नये. परिचारिका हवी, व्यायामोपचार करणारा हवा आणि ज्याने हा आजार भोगला तो, किंवा ज्याने घरी त्याचे केले ती व्यक्ती, शोभेपुरती नव्हे तर मताच्या अधिकाराने बसलेली हवी.

'हे आपल्याकडे कसले जमते?' हा उद्गार मी ऐकला आहे. तो इतिहासाला धरून नाही. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने ग्रामीण भागात तेच करून दाखवले, तेही गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बळावर. स्ट्रोकच्या बाबतीतही डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईतल्या एका ठरावीक वस्तीपुरती नोंदणी केली होती. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बंगळूरच्या संस्थेने वाराणसी, कटक, तिरुनेलवेली, काचार आणि कोटा येथे लोकसंख्याधारित नोंदवह्या सुरू केल्या. या पाचांत महाराष्ट्रातले एकही ठिकाण नाही. ज्या प्रांताने नोंदवहीचा धडा घालून दिला, त्याला हे शोभत नाही.

उद्या ही वही आपल्या जिल्ह्यांपर्यंत येईल तेव्हा उद्घाटन होईल, फीत कापली जाईल. त्या दिवशी नागरिकांनी एकच यादी मागावी, वहीच्या समितीतल्या नावांची. तीत एखादे नाव असे असावे, ज्याला सही डाव्या हाताने करावी लागते.

वडील पुढे चार वर्षे जगले. त्यांच्या कार्डावर लिहिलेली सुधारणा नेमकी कोणती, हे त्यांना कोणी विचारले नाही. निदान पुढच्याला तरी विचारावे.