नाव लेकराचे, अक्षर कोणाचे?



आपल्या घरी मूल जन्मले की नावाची चर्चा आठ-आठ दिवस चालते. अक्षरांची चर्चा मात्र कोणी करीत नाही. नाव आपण ठरवितो आणि ते कागदावर कसे उतरावे हे मेजापलीकडे बसलेल्या लिपिकावर सोपवून मोकळे होतो. ज्यांच्या पूर्वजांची नावेसुद्धा दुसऱ्यांनी ठरविली, त्यांना हा निष्काळजीपणा शोभतो काय?

कोणाचे नाव कसे असावे, याचा कायदा मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे किळस यावी असे! बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. परंतु त्याचे हे कलम गावोगावच्या रजिस्टरांत पुढे कित्येक वर्षे जिवंत राहिले. धोंड्या, दगड्या, कचऱ्या, उकंड्या ही आपल्या आज्या-पणज्यांची नावे होत. कोणी म्हणेल, मुले जगत नसत म्हणून आयाच अशी नावे ठेवीत आणि ती इतर जातींतही असत. हे खरे आहे. परंतु तेच नाव दुसऱ्या आळीत वयात आले की त्याचे धोंडोपंत होई, कचरूशेठ होई. आपल्या आळीतला धोंड्या नातवंडे झाली तरी धोंड्याच! म्हणजे अर्धा अपमान नावात होता, तर अर्धा त्याच्या शेवटच्या अक्षरात. अक्षराला महत्त्व नाही असे मानणाऱ्याने एवढी एकच गोष्ट ध्यानात घ्यावी.

परभणी जिल्ह्यात तर या गोष्टीला आणखी एक पदर आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल होता आणि सरकारी दप्तराची भाषा उर्दू होती. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. वाचणाऱ्याने ते आपल्या मनाने भरावयाचे असतात. ज्याचे नाव ओळखीचे, त्याचे ते नीट वाचले जाई. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव ओळखण्याची तसदी कोण घेणार? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर अवघ्या 18 दिवसांनी, 1 नोव्हेंबर रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य बदलले, दप्तराची भाषा बदलली आणि त्याच सुमारास धोंड्याच्या घरी सिद्धार्थ जन्माला आला, राहुल आला, यशोधरा आली. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या तीन हजारांच्याही आत होती. 1961 मध्ये ती 27 लाखांच्या वर गेली. एवढ्या घरांनी आपल्या लेकरांची नावे आपण निवडली. ही क्रांती होय!

परंतु या क्रांतीचे लेखन कोणी केले? बाप सांगतो ‘धम्मपाल’. लिहिणारा कपाळाला आठी घालतो आणि ‘धर्मपाल’ लिहितो. त्याला वाटते, अडाणी माणसाची चूक आपण सुधारली. वाचकहो, ही सुधारणा नव्हे. ‘धम्म’ हा ‘धर्म’ या शब्दाचा अपभ्रंश म्हणून आपण उच्चारीत नाही; तो पाली शब्द आपण समजून-उमजून स्वीकारला आहे. ‘विशाखा’ ठेवा की ‘विसाखा’, ‘संघमित्रा’ ठेवा की ‘संघमित्ता’, यावरून आपसांत भांडण्याचे कारण नाही. दोन्ही आपलीच आहेत. मात्र जे ठरविले तेच लिहून घ्या. आणि ‘सिद्धार्थ’? त्यात आधी अर्धा द, मग पूर्ण ध. लिहिणारे सर्रास उलट करतात आणि ‘सिध्दार्थ’ होतो. ‘बौद्ध’ या शब्दाचीही तीच गत. आपल्याच विहारांच्या पाट्यांवर ‘बौध्द’ रंगविलेले दिसते, तेथे इतरांना काय बोलावे! डोळ्याला हा फरक जाणवत नाही, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत.

इंग्रजी लिपीत तर विचारूच नका. ‘प्रज्ञा’ हे नाव मराठी उच्चाराप्रमाणे लिहिले तर त्यात डी, एन, वाय येतात. हिंदीप्रमाणे लिहिले तर जी, वाय. संस्कृताच्या रोमन लेखनाप्रमाणे जे, एन. एकाच मुलीचा जन्मदाखला एका तऱ्हेचा, आधार दुसऱ्या तऱ्हेचे आणि गुणपत्रिका तिसऱ्या तऱ्हेची. तिने आपण एकच असल्याचे पुरावे किती दारी द्यावेत?

या गोंधळात आता अंकशास्त्री शिरले आहेत. इंग्रजी अक्षरांची बेरीज करून ते सांगतात, एक ‘ए’ वाढवा, ‘आय’ काढून ‘वाय’ घाला, मुलाचे भाग्य उघडेल. आपल्यातील शिकलेली, नोकरीवाली माणसे यासाठी पैसे मोजतात, याची लाज वाटते. जोशीबुवाचे पंचांग घराबाहेर टाकले ते या बुवाला घरात घेण्यासाठी काय? ग्रहनक्षत्रांवरून फळे सांगून पोट भरण्याला दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात हीन विद्या म्हटले आहे.

येथे एखादा अभ्यासू वाचक अडवील. तो नामसिद्धी जातकाचा दाखला देईल. पापक नावाचा शिष्य चांगले नाव शोधावयास निघतो. त्याला जीवक नावाच्या माणसाचे प्रेत दिसते, धनपाली नावाची दासी मार खाताना दिसते, पंथक नावाचा माणूस वाट चुकलेला भेटतो. आणि तो आपल्या नावावर समाधान मानून परत येतो. भदंत नागसेनांनीही राजा मिलिंदाला नाव ही केवळ व्यवहारातील खूण असल्याचे सांगितले. मग एवढा आग्रह कशाला? याचे उत्तर त्या कथेतच आहे. पापकाला नवे नाव शोधून आणण्याची मुभा त्याच्या आचार्यांनी दिली होती. आपल्या आज्याला ती कोणी दिली? आणि नाव ही खूण आहे म्हणूनच ती एका माणसाची एकच असली पाहिजे. नावाच्या खुणेची किंमत मराठवाड्याला निराळी शिकविण्याची गरज नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी झाला आणि ते नाव प्रत्यक्ष लागावयास 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या काळात घरे जळली, माणसे मेली.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. काही तरुण आजोबांचे जुने नाव कागदोपत्री पुसू पाहतात, निदान सुधारून ‘धोंडीराव’ करू पाहतात. तसे मुळीच करू नका. जातपडताळणी समितीपुढे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा जसा असेल तसाच तेथे कामाला येतो. त्यात खाडाखोड झाली की नातवाचा प्रवेश अडकलाच. सातारच्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव ‘भिवा’ असे नोंदले गेले. ती नोंद आपण आदराने जपतोच ना?

म्हणून जिंतूर असो की गंगाखेड, पालम असो की सोनपेठ, नोंद करावयास जाताना नाव तोंडी सांगू नका. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही लिपींत ते स्वच्छ अक्षरांत कागदावर लिहून न्या. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येते. तेव्हा चारही शब्द तपासा. जन्माची नोंद 21 दिवसांत करावयाची असते. नाव ठरले नसेल तर ते 12 महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत हाच दाखला लागणार आहे. दाखला हाती आला की खिडकीसमोरून हलण्यापूर्वी वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पुतणीला बरोबर न्या. ‘धम्मपाल’चा ‘धर्मपाल’ झाला असेल, तर तेथेच, त्याच दिवशी, नम्रपणे पण ठामपणे दुरुस्ती मागा. लिपिक म्हणेल, “एवढ्याने काय बिघडते?” त्याला त्याचेच आडनाव एक अक्षर बदलून लिहून दाखवा आणि विचारा, चालेल काय?