दारू सुटल्यानंतरचे औषध आणि घरची स्त्री

दारूबंदी असावी की नसावी, हा वाद महाराष्ट्रात गेली पाऊणशे वर्षे चालू आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, त्यात पुढे दिल्या गेलेल्या सवलती, गडचिरोलीत १९९३ पासून असलेली बंदी, चंद्रपुरात २०१५ साली आलेली आणि २०२१ साली उठवली गेलेली बंदी, या प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले व बोलले गेले. या वादात एक माणूस मात्र सतत नजरेआड राहिला. ज्याने दारू सोडण्याचा निश्चय केला आहे, ज्याच्या निश्चयाला अजून चार-सहा महिनेही झालेले नाहीत आणि ज्याची पत्नी रोज संध्याकाळी दाराकडे डोळे लावून बसते, तो हा माणूस. त्याला मिळणारे औषध, ते देणारा डॉक्टर, ते विकणारा दुकानदार आणि ते घरात सांभाळणारी स्त्री यांच्यासंबंधी समाजाची काही जबाबदारी आहे की नाही, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

प्रश्न लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. मद्यावलंबी झालेल्या दर ३८ जणांपैकी अवघ्या एकाला कसले तरी उपचार मिळाल्याचे त्याच पाहणीत आढळले. म्हणजे उपचारांच्या दारापर्यंत पोहोचणारे मुळातच थोडे. ज्या थोड्यांना हे दार उघडते, त्यांचीही दार ओलांडल्यानंतर आबाळ होत असेल, तर ते समाजाचे दुहेरी अपयश आहे.

वैद्यकीय वस्तुस्थिती प्रथम समजून घेतली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी थांबवली की काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमाची अवस्था येऊन प्राणावरही बेतू शकते. ‘मनाचा निर्धार असला की पुरे’ असे सांगणारे शहाणे लोक ही गोष्ट विसरतात. या काळात क्लोरडायाझेपॉक्साइड, डायाझेपाम या जातीची औषधे जीव वाचवतात. त्यांच्या जोडीला थायमिन हे जीवनसत्त्व लागते. ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

अडचण अशी की, जी गोळी पहिल्या आठवड्यात तारक असते, तीच देखरेखीवाचून महिनोन्महिने चालू राहिली तर स्वतःच व्यसन बनते. समजा, सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यातला कामगार पुण्याच्या केंद्रात राहून बरा होऊन गावी परतला. हातात पंधरा दिवसांची चिठ्ठी आहे. औषध संपते, झोप येत नाही, पुन्हा पुण्याला जायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते. मग दोन गोष्टींपैकी एक घडते. एक तर दुकानदार जुन्याच चिठ्ठीवर, किंवा चिठ्ठीशिवायही, गोळ्या देत राहतो. नाही तर तो साफ नकार देतो आणि चालू असलेली गोळी एका रात्रीत बंद होते. पहिल्या प्रकारात दुसरे व्यसन जडते. त्यात एखाद्या दिवशी दारूही पोटात गेली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. दुसऱ्या प्रकारात, गोळी बरेच दिवस चालू असेल तर, फिट येण्याचे भय. २०१४ पासून अशा औषधांसाठी ‘एच-१’ ही वेगळी अनुसूची लागू आहे. तिच्यानुसार दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावयाची असते. नियम योग्यच आहे. परंतु नवी चिठ्ठी लिहून देणारा जाणता डॉक्टर तालुक्याला उपलब्ध नसेल, तर तोच नियम प्रामाणिक दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला शिक्षा करतो आणि अप्रामाणिकाचा धंदा वाढवतो.

दुसरे औषध डायसल्फिराम. १९४८ च्या सुमारास कोपनहेगनमधील हाल्ड व याकोबसेन या संशोधकांनी ते पुढे आणले. हे औषध घेणाऱ्याने मद्य घेतले की ॲसिटाल्डिहाइड शरीरात साचते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ही भीती हाच त्याचा उपयोग. म्हणून ते रुग्णाला संपूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. प्रत्यक्षात आपल्याकडे कितीतरी घरांत ही गोळी आमटीत वा चहात गुपचूप मिसळली जाते. ‘त्यांना कळू न देता दारू सुटेल’ असे आश्वासन देणाऱ्या भुकट्याही विकल्या जातात. नवऱ्याची मारहाण आणि मुलांची उपासमार सोसलेल्या स्त्रीला यासाठी दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तिला सत्य सांगण्याचे कर्तव्य सर्वांचे आहे. नकळत दिलेल्या या औषधावर नवरा पिऊन आला तर तो दगावू शकतो, विशेषतः हृदयविकार असेल तर. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका टिकतो. औषधाने क्वचित यकृतालाही इजा होते. डोळे पिवळे दिसले की ते त्वरित थांबवून डॉक्टरकडे गेले पाहिजे. उलट, पतीने समजून-उमजून पत्नीसमोर रोज सकाळी गोळी घेण्याचे ठरवले, तर हेच औषध अधिक उपयोगी पडते. फरक केवळ विश्वासाचा आहे. लपवलेली गोळी पत्नीला पोलीस बनवते, कबूल केलेली गोळी तिला साथीदार करते.

याखेरीज रोजच्या आजारांची औषधे आहेतच. खोकल्याच्या काही पातळ औषधांत मद्यार्क असतो. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यामुळे त्यांत तो स्वाभाविकपणे असतो. होमिओपॅथीच्या मूळ अर्कांतही तो असतो. जुलाबावर सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल डायसल्फिरामबरोबर घेतल्यास मनोभ्रम होऊ शकतो. गावचा डॉक्टर विचारत नाही आणि लाजेपोटी घरचे सांगत नाहीत.

काही मंडळी याच्या उलट टोकाला जातात. ‘गोळीच्या कुबड्या घेऊन सुटलेली दारू ती कसली सुटली?’ असे विचारून ती रुग्णाला सगळीच औषधे टाकावयास लावतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या स्वयंसाहाय्य चळवळीनेही आपल्या सभासदांनी डॉक्टरकी करू नये, अशी अधिकृत भूमिका घेतलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली नाल्ट्रेक्सोन व ॲकॅम्प्रोसेट ही दोन औषधे आवश्यक औषधांच्या यादीत मद्यासक्तीसाठी समाविष्ट केली. मधुमेह्याच्या इन्शुलिनला कुबडी म्हणून कोणी हिणवत नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता अर्थकारणाकडे वळू. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. दारूपासूनचे उत्पन्न राज्य उत्पादन शुल्क विभाग गोळा करतो. व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय विभागाकडे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आरोग्य विभागाकडे. औषधविक्रीवर नजर अन्न व औषध प्रशासनाची. एका गोळीचे चार धनी, आणि उत्तरदायी मात्र कोणीच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्याशी निगडित मनोविकारांचा समावेश मानसिक आजारांत केला, त्यांच्या उपचारांचा हक्क दिला आणि विम्यात शारीरिक आजारांप्रमाणेच वागणूक देण्यास सांगितले. तरीही आरोग्यविम्याच्या पॉलिसींत मद्यासक्तीवरील उपचार हा अपवाद म्हणून छापलेला आढळतो. नफा आणि महसूल संघटित आहेत. त्यांचा परिणाम भोगणारी घरे मात्र एकेकटी आहेत. या घरांत औषध आणणे, मोजणे, लपवणे, देणे, रात्री जागणे, ही सारी सेवा स्त्री विनामूल्य करते. ती कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाही. सरकारने न केलेल्या खर्चाचा भार तो हाच.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस व्यसनोत्तर उपचारांचा बाह्यरुग्ण विभाग चालावा. थायमिन, डायसल्फिराम, नाल्ट्रेक्सोन ही औषधे तेथे मोफत मिळावीत. सवय लावणारी औषधे आठवड्यापुरतीच, कमी करत जाण्याच्या लेखी वेळापत्रकासह दिली जावीत. केंद्रातून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला चालू औषधे आणि टाळावयाची औषधे यांचे मराठीत छापलेले कार्ड मिळावे व त्याच्या जोडीदाराला अर्धा तास बसवून ते समजावून सांगितले जावे. जोडीदार म्हणजे बहुधा पत्नी. परंतु पिणारी स्त्री आणि सांभाळणारा पती अशीही घरे आहेत, त्यांना संकोचाने बाहेर ठेवू नये. या सर्व खर्चासाठी मद्यावरील करातील ठराविक हिस्सा कायद्याने बांधून द्यावा.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले तेव्हा मद्यपी हा रुग्ण आहे, गुन्हेगार नव्हे, हे समाजाला पटवावे लागले. पुष्कळांना आज ते पटले आहे. रुग्ण म्हटल्यावर औषध आले आणि औषध आले की त्याची सार्वजनिक जबाबदारीही आली. ती एका थकलेल्या स्त्रीच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात कोंबून शासनाला मोकळे होता येणार नाही.