धर्मकाट्याची साक्ष



कुटुंबात एखादा मोठा व्यवहार ठरावयाचा असला, की दूरच्या वडीलधाऱ्या माणसाला बोलावणे जाते. त्याने चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात, गोडधोड जेवावे आणि आपल्या गावी परत जावे, यापलीकडे त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसते. गेल्या हिवाळ्यात असेच एक बोलावणे मला ग्वाल्हेराहून आले. माझा भाचा तेथे कित्येक वर्षे मालवाहतुकीचा धंदा करीत आहे. "मामा, छोटी गाडी विकून मोठा ट्रक घ्यावा म्हणतो. एकदा येऊन जा," असा त्याचा निरोप होता.

ग्वाल्हेर हे आपल्याला परके गाव नव्हे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. त्या भागाला लोक आजही लष्कर म्हणतात. तेथील गल्ल्यांतून हिंडताना मराठी आडनावाची पाटी दिसते, एखाद्या ओट्यावरून मराठी शब्द कानी येतो, आणि प्रवासाचा शीण निम्मा उतरतो. माझा भाचा याच भागात राहतो. घर लहान, परंतु स्वतःचे. त्याच्या आईने पै-पै साठवून घेतलेले.

भाच्याची गाडी म्हणजे लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात ती. टाटा कंपनीने ही चारचाकी २००५ साली बाजारात आणली. दोन सिलिंडरचे लहानसे डिझेल इंजिन, सुमारे पाऊण टन माल नेण्याची क्षमता, आणि अरुंद बोळात शिरण्याची सोय, एवढ्या गुणांवर तिने देशभरातील असंख्य कुटुंबांच्या पोटापाण्याचा भार वाहिला आहे. आपल्या गावांतूनही पहाटे भाजी, फुले आणि केळी घेऊन निघालेली ही गाडी आपण रोज पाहतो. भाचा मात्र भाजी नेत नाही. ग्वाल्हेरच्या परिसरात वालुकाश्म विपुल आहे. त्याच्या फरश्या, पायऱ्या आणि कठडे घडवून जिकडेतिकडे पाठवले जातात. तो माल पोहोचवणे हे त्याचे मुख्य काम, आणि मधूनमधून सिमेंटची अथवा धान्याची पोती.

रात्री जेवणे झाल्यावर त्याने आपला बेत मांडला. एक भक्कम सहाचाकी ट्रक घ्यावयाचा, नऊ-दहा टन माल भरावयाचा आणि आग्रा-मुंबई रस्त्याने थेट इंदूरपर्यंत, जमल्यास मुंबईपर्यंत फेऱ्या करावयाच्या. दोन व्यापाऱ्यांनी काम देण्याचे तोंडी कबूल केले होते. पहिल्या रकमेची भरपाई करण्यासाठी घराची कागदपत्रे तारण ठेवावी लागणार होती. हे शेवटचे वाक्य तो खाली मान घालून बोलला. सूनबाई भिंतीशी बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही. तिच्या मांडीवर हिशेबाची वही मात्र होती.

खरे सांगावयाचे, तर मी येतानाच उपदेशाची शिदोरी बांधून आणली होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आहे त्यात समाधान मानावे, छोटी गाडी काय वाईट आहे, असे बोलण्याचे मी ठरवले होते. तरीही उगाच एक प्रश्न विचारला, "आज तू या गाडीत किती वजन भरतोस?" तो हसून म्हणाला, "मामा, गाडी अर्धीसुद्धा भरत नाही. उद्या पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. त्याचे म्हणणे डोळ्यांना खरेच वाटले. हौद्यात फरश्यांची एक थप्पी होती, ती गुडघ्याच्या फारशी वर नव्हती. वरची सगळी जागा मोकळी. पण दगडाचे गणित डोळ्यांनी होत नाही. एक घनमीटर वालुकाश्माचे वजन साधारणपणे तेवीसशे किलोच्या आसपास भरते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर जाड अशी एक फरशी घेतली, तर ती सुमारे ११५ किलोची झाली. अशा सहा फरश्या एकावर एक ठेवल्या, तर उंची होते फक्त ३० सेंटीमीटर, आणि वजन होते ६९० किलो. म्हणजे वीतभर-दीडवीत उंचीच्या थप्पीतच छोट्या गाडीची मर्यादा संपते. भाच्याच्या थप्पीत अकरा फरश्या होत्या.

"चल, काट्यावर जाऊ," मी म्हणालो. आपण ज्याला वजनकाटा म्हणतो, त्याला तिकडे धर्मकाँटा म्हणतात. नाव मोठे अर्थपूर्ण आहे. गिऱ्हाईक कोण, मालक कोण, मामा कोण आणि भाचा कोण, हे काटा पाहत नाही. रिकामी गाडी चालकासह ८७० किलो भरली. भरलेली गाडी २,१४० किलो. म्हणजे माल झाला १,२७० किलो. गाडीच्या कागदावर गाडी, माल आणि माणूस मिळून कमाल वजन लिहिले होते १,५५० किलो. ती ५९० किलोंनी अधिक भरलेली होती. काट्याची चिठ्ठी हातात घेऊन भाचा बराच वेळ उभा राहिला, आणि मीही माझी शिदोरी मुकाट्याने गुंडाळून ठेवली. 'आहे त्यात समाधान मान' असे मी आदल्या रात्री सांगितले असते, तर या धोक्यातच समाधान मान असे सांगितल्यासारखे झाले असते.

वाचकहो, अधिक भार म्हणजे नेमके काय होते, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. गाडी धावत असताना तिच्यात जी शक्ती साठते, ती थांबताना ब्रेकना उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. वजन सव्वापट झाले, तर हे काम सव्वापट होते. वेग दुप्पट झाला, तर मात्र ते चौपट होते. उतारावर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक हवे तेव्हा धरत नाहीत. टायर अधिक दबतो, त्याची कड प्रत्येक फेऱ्यास अधिक वाकते, आतून गरम होते, आणि उन्हाळ्यातील दुपारी तो फुटतो. पाटे सपाट होतात. मागचा भार वाढल्याने पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हाताला लागेनासे होते. हे सारे एका दिवसात घडत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. आणि ज्या दिवशी घडते, त्या दिवशी रस्त्यावर एखादे शाळकरी पोरही असू शकते.

रस्त्याचेही तेच. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून निरनिराळ्या भारांच्या गाड्या सतत फिरवण्यात आल्या. त्यातून असे दिसून आले, की एका आसावरील भार दुप्पट झाला, तर रस्त्याची हानी दुपटीने नव्हे, सुमारे सोळा पटींनी वाढते. म्हणून तर जड ट्रकांना अधिक आस आणि जोड टायर देतात. कायद्यानेही या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात अधिक भारासाठी वीस हजार रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च निराळाच.

तर मग भाच्याचा मोठा ट्रकच योग्य होता काय? आता सूनबाईने वही उघडली. ती प्रत्येक फेरीला फरश्या किती, पोती किती, हे टिपून ठेवत असे. आम्ही तिघांनी बसून दोन महिन्यांच्या नोंदींचे वजन काढले. एकूण ४५ फेऱ्या झाल्या होत्या. त्यांपैकी ३० फेऱ्यांत माल पाऊण टनाच्या आत होता. १५ फेऱ्यांत तो एक टनापासून दोन टनांपर्यंत व्हावयाचा. त्यांतला काही दोन खेपांत नेला होता, आणि बराचसा एकाच खेपेत कोंबला होता. याखेरीज चार वेळा पाच टनांहून मोठे काम आले, ते परत पाठवावे लागले. म्हणजे दहा टनांच्या ट्रकाला पुरेल असे काम दोन महिन्यांत चार वेळा. बाकीचे दिवस हप्ता, विमा आणि कर यांनी दाराशी बसून खावयाचे.

इंदूरला भरून गेलेला ट्रक परत येताना काय आणणार, हा दुसरा प्रश्न सूनबाईनेच विचारला. जड गाडीचा नफा बहुधा परतीच्या फेरीवर अवलंबून असतो. जाताना भाडे मिळते, ते दोन्ही वेळच्या डिझेलात आणि टोलात जाते. परतीचा माल मिळाला तर चार पैसे उरतात. व्यापाऱ्यांनी जाण्याचे काम तोंडी कबूल केले होते, येण्याचे कुणीच नाही.

तिसरी अडचण परवान्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले वाहन हलके, त्यापुढे १२,००० किलोपर्यंत मध्यम, आणि त्याहून अधिक ते जड. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. भाच्याजवळ हलक्या वाहनाचाच परवाना होता. दहा टन माल नेणारा ट्रक त्याला लागलीच चालवता आला नसता. पगारी चालक ठेवावा लागला असता. घर तारण आपले, हप्ता आपला, आणि चाक परक्याच्या हातात! पुढे स्वतः परवाना काढला, तरी रात्रीच्या रात्री रस्त्यावर काढाव्या लागणार. सूनबाई एवढेच म्हणाली, "मुले झोपल्यावर हे येतात आणि उठण्यापूर्वी जातात, हे आत्ताच आहे. पुढे तेवढेही दिसणार नाहीत." वहीतल्या कुठल्याही आकड्याहून हे वाक्य मला जड वाटले.

संध्याकाळी आम्ही पाय मोकळे करण्यास निघालो. बोलता बोलता तेथील छोट्या रेल्वेचा विषय निघाला. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत संस्थानाने दोन फूट रुंदीचा लोहमार्ग टाकला. तो टप्प्याटप्प्याने वाढत सबळगडावरून श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर गेला. शंभराहून अधिक वर्षे त्या चिमुकल्या गाडीने खेड्यापाड्यांची सेवा केली. पुढे माणसे इतकी वाढली, की ती डब्यांच्या टपांवर बसून प्रवास करू लागली. २०२० साली ती गाडी थांबली आणि तेथे रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. भाचा म्हणाला, "टपावर माणसे बसू लागली, तेव्हाच मोठ्या गाडीची वेळ झाली होती." मी म्हणालो, "बरोबर. पण गाडी मोठी करावयाची ती टपावरच्या माणसांना आत बसवता येईल इतकी. स्टेशनावर न आलेल्या माणसांसाठी नव्हे."

अखेर भाच्याने मधला मार्ग धरला. छोटी गाडी विकली आणि अडीच टनांच्या आतबाहेर माल नेणारी, मागे जोड टायर असलेली, चांगल्या स्थितीतील एक जुनी ४०७ घेतली. कंपनीने ही गाडी १९८६ साली प्रथम काढली, आणि तिचे सुटे भाग व मिस्त्री गावोगावी मिळतात. एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक असल्याने तिला मालवाहतुकीचा परवाना काढावा लागला. योग्यतेचा दाखलाही वेळच्या वेळी घ्यावा लागतो. परंतु चालवण्याचा परवाना जुनाच चालला. कर्ज झाले, पण घराची कागदपत्रे कपाटातच राहिली. मुरैना, भिंड, शिवपुरी, झाशी अशा फेऱ्या करून तो बहुतेक रात्री घरी येतो. डिझेल अधिक लागते, अरुंद बोळात गाडी शिरत नाही आणि थोडा माल असला तर भाडे परवडत नाही, अशी त्याची कुरकुर असते. ती खोटी नाही. सुख फुकट मिळत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरात असा विचार चालला असेल, त्यांनी ट्रक पाहण्यास जाण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. गाडी एकदा रिकामी आणि एकदा भरलेली काट्यावर घालावी. दोन-तीन महिन्यांच्या फेऱ्यांचे वजन वहीत लिहून काढावे, आणि परतीचा माल कोण देणार ते नावानिशी विचारावे. आणि वही लिहिणारे जे कुणी घरात असेल, त्याचे म्हणणे सर्वांच्या आधी ऐकावे. सर्वांच्या शेवटी नव्हे.

निघताना भाच्याच्या नव्या गाडीत डोकावून पाहिले. काचेपाशी काट्याच्या चिठ्ठ्यांची एक लहानशी गड्डी दोऱ्याने बांधून ठेवली होती. सर्वांत वर त्या पहिल्या दिवसाची होती.