धागा जिरला, कण कुठे गेले?

मधुमेह्याच्या पायाची जखम महिनोन् महिने चिघळत राहते, तेव्हा घरातल्यांना नवी कोणतीही पट्टी देवासारखी वाटते. नॅनोकण मिसळलेल्या पॉलिमर धाग्यांच्या पट्टीवर आशा ठेवावी, असे तिचे शास्त्र आहेही.

पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या पॉलिमरचे द्रावण सिरिंजमध्ये भरतात आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. टोकावरचा थेंब ताणून निमुळता होतो, त्यातून बारीक धार सुटते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर पांढरी, मऊ जाळी साचू लागते. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. हा धागा जेमतेम काहीशे. शरीरातले कोलॅजेनचे तंतूही साधारण याच मापाचे, त्यामुळे पेशी या जाळीवर सहज रुजतात. द्रावणात चांदीचे नॅनोकण घातले तर धागा जंतूंना आवरतो, हायड्रॉक्सिॲपटाइटचे घातले तर हाड भरून यायला हातभार लागतो. मात्र कण नीट विखुरले नाहीत, गुठळ्या झाल्या, की धागा नेमका तिथेच कमकुवत होतो.

खरी चिंता पुढची आहे. जंतूंना मारणारी चांदी मात्रा वाढली की नव्याने उगवणाऱ्या त्वचेच्या पेशींनाही मारक ठरते. शरीराच्या आत बसवलेला पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा धागा पूर्ण जिरायला दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. तो जिरला, तरी चांदी तशी जिरत नाही. ती कुठल्या अवयवात साठते, केव्हा बाहेर पडते, हे तपासावेच लागते. जखम आठ दिवसांत कोरडी झाल्याचा फोटो हे त्याचे उत्तर नव्हे.

युरोपीय संघाच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीत नॅनोपदार्थांसाठी स्वतंत्र नियम आहे: कण शरीराच्या आत पोचण्याची शक्यता जितकी जास्त, तितकी वरची जोखीम-श्रेणी. आपल्याकडे २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे आली. उपकरण म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीला, टाक्याच्या धाग्याला आणि हाडातल्या भरावालाही तितकाच कडक कस लावला पाहिजे. वेष्टनावर नुसते ‘नॅनो सिल्व्हर’ छापून भागू नये. चांदी किती, ती किती दिवसांत सुटते आणि पट्टी कधी बदलायची, हे तिथे मराठीतही छापणे औषध नियंत्रकांनी सक्तीचे करावे.