कारभारी हवेत, मुकादम नकोत

प्रत्येक पिढीने भाग्याची आपापली एक किल्ली मानलेली असते. गिरगाव-दादरच्या ख्रिस्ती घरांतून एके काळी टंकलेखन आणि लघुलेखन ही ती किल्ली होती. पुढे आखाती देशांतील नोकरी आली, मग संगणक आला. आज ती किल्ली एम.बी.ए. या तीन अक्षरांची आहे. पदवी परीक्षेचा निकाल लागतो न लागतो तोच घरात चर्चा सुरू होते ती प्रवेश परीक्षेच्या शिकवणीची आणि बँकेच्या कर्जाची. मुलाला वा मुलीला कशाचे व्यवस्थापन करायचे आहे आणि कोणासाठी करायचे आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारणे हेच या लेखाचे प्रयोजन.

आरंभीच स्पष्ट करतो की व्यवस्थापनशास्त्राशी आमचे वैर नाही. या शहराने व्यापारी शिक्षणाची वाट फार पूर्वी धरली. सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली सुरू झाले; मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उभी राहिली; माटुंग्याची वेलिंगकर संस्था १९७७ सालची. हिशेब, बाजारपेठ, भांडवल, नियोजन यांचे ज्ञान टाकाऊ नव्हे. आमचा वाद आहे तो अर्ध्या ज्ञानाशी. ज्या विद्येने श्रमाकडे पाठ फिरवली ती विद्या अर्धी आहे, आणि आमची कुटुंबे ती पूर्ण किंमत मोजून, तीही कर्जाने, विकत घेत आहेत.

हे शास्त्र आपल्या देशात रुजत होते तेव्हा ते असे अर्धे नव्हते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा आरंभ १९३६ साली झाला तो नागपाड्यात, कष्टकऱ्यांच्या वस्तीत. १९४७ साली सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट स्थापन केली. तीच आज परळ येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव धारण करून उभी आहे आणि श्रमविषयक पदव्युत्तर शिक्षण देते. १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे वा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले आणि अशा शिक्षणाची गरज कायद्यानेच अधोरेखित केली. १९४९ साली जमशेदपूरला फादर क्विन एनराइट या येशूसंघीय धर्मगुरूंनी जी संस्था काढली तिचे नाव होते झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट. आज एक्स.एल.आर.आय. ही अक्षरे आमच्या घराघरांत आदराने उच्चारली जातात. पण त्यातील 'एल' म्हणजे 'लेबर', म्हणजे श्रम, हे किती पालकांना ठाऊक आहे? नाव आद्याक्षरांत आकसले आणि त्याबरोबर श्रम हा शब्दही झाकला गेला.

शब्द बदलतात तेव्हा दृष्टीही बदलते. पूर्वी कंपनीत 'कामगार कल्याण' असे खाते असे. पुढे त्याचे 'कर्मचारी व्यवस्थापन' झाले आणि आता ते 'मानव संसाधन' झाले आहे. संसाधन म्हणजे काय? कोळसा हे संसाधन, कापूस हे संसाधन, वीज हे संसाधन. जे वापरावयाचे, कमीत कमी खर्चात मिळवावयाचे आणि गरज संपली की बंद करावयाचे ते संसाधन. त्या ओळीत माणूस बसवला की ताळेबंदात तो केवळ खर्चाच्या बाजूला उरतो.

याचा परिणाम पाहण्यास दूर जावे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचे बरेवाईट येथे मांडावयाचे नाही. परंतु लालबाग-परळच्या चाळींतून त्याने केलेली पडझड आपण पाहिली आहे. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडामार्फत घरांसाठी, एक मालकाचा. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीचीच होईल असे ठरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. आज त्या आवारांत काचेचे मनोरे आहेत आणि त्यांत आमची व्यवस्थापनशास्त्र शिकलेली मुले बसतात. बसोत, त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण त्याच मनोऱ्याच्या दारात उभा राहणारा पहारेकरी आणि जिने पुसणारी बाई बहुधा कंत्राटदाराकडून आलेली असते. तिला रजा किती, तिचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो की नाही, हे वरच्या मजल्यावर कोणी विचारते काय? गिरण्यांच्या काळात मुकादम माणसे भरती करी आणि त्याबद्दल दस्तुरी उकळी. आपली मुले लाखो रुपये खर्चून नव्या काळाचे मुकादम होणार असतील, तर आजोबांच्या पिढीने काय कमावले?

ख्रिस्तसभा या विषयावर गप्प राहिलेली नाही. परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी, म्हणजे गिरणी संपाच्या चारच महिने आधी, मानवी श्रमावर परिपत्रक लिहून श्रमाला भांडवलाच्या आधी स्थान दिले. २०२५ साली निवडून आलेल्या परमगुरूंनी लिओ हे नाव घेतले ते तेराव्या लिओंच्या त्याच कार्याची आठवण ठेवून. आमच्या किती तरुणांनी ही परिपत्रके उघडून पाहिली आहेत?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: "फादर, नफ्याशिवाय धंदा चालत नाही. तालांतांच्या दाखल्यातील धन्यानेसुद्धा पैसे पुरून ठेवणाऱ्या चाकराला दोष दिला." बरोबर आहे. पण त्याच मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचच अध्याय आधी, द्राक्षमळ्याचा धनी शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. एक दाखला पाठ करावयाचा आणि दुसरा विसरावयाचा, हे शास्त्रही नव्हे आणि श्रद्धाही नव्हे. नफा आणि माणूस यांची सांगड घालता येते हे आपल्याच माणसांनी दाखवले आहे. वसईच्या पापडी गावी १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक सुरू झाली आणि ती शंभरी ओलांडून गेली. सामान्य माणसाची पत ओळखणे हेदेखील व्यवस्थापनच असते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा: "आमच्या मुलांनी चार पैसे मिळवूच नयेत काय?" अवश्य मिळवावेत. म्हणूनच हिशेब मांडा. मुंबईतील काही खाजगी संस्थांचे दोन वर्षांचे शुल्क दहा लाखांच्या पुढे गेले आहे. दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता १३,२०० रुपयांच्या वर जातो. शिवाय शिकत असतानाच्या काळाचे व्याज चढते ते निराळेच. कर्जावर बापाची सही असते, कधी राहती खोलीही तारण असते. तेव्हा प्रवेशाआधी विचारा: ही विद्यापीठाची पदवी आहे की स्वायत्त संस्थेची पदविका? नोकरी लागलेल्यांच्या वेतनाची जी सरासरी छापली जाते, ती किती जणांची? नोकरी करणाऱ्यांसाठी विद्यापीठाने तीन वर्षांचे सायंकालीन अभ्यासक्रम काढले, त्यांचा विचार केला काय? व्यवस्थापन शिकू इच्छिणाऱ्याने स्वतःच्या घराचे व्यवस्थापन पणाला लावू नये.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. धर्मग्रामात मार्गदर्शन शिबिर भरेल तेव्हा महागड्या संस्थांच्या माहितीपत्रकांशेजारी परळच्या श्रमविज्ञान संस्थेचीही माहिती ठेवली जावी. जो कोणी व्यवस्थापन शिकेल त्याने बाजारपेठेबरोबर २०१९ व २०२० साली संसदेने संमत केलेल्या चार श्रम संहिताही वाचाव्यात. आणि व्यवस्थापकपदी असलेल्या आमच्या बंधुभगिनींनी आपल्या कचेरीतील कंत्राटी माणसांची हजेरी व पगार महिन्यातून एकदा स्वतः तपासावा.

लोखंडे यांनी १८८४ सालापासून गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि १८९० साली कामगाराला रविवारची सुटी मिळाली. खंडोबाच्या भक्तालाही मिळाली आणि मिस्साला जाणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही. त्यांच्यापाशी व्यवस्थापनाची पदवी नव्हती, पण माणसाला विसाव्याची गरज असते एवढे त्यांना कळत होते. आपल्या मराठी बायबलात विश्वासाने सोपवलेले सांभाळणाऱ्याला कारभारी म्हटले आहे. कारभाऱ्याला धन्याला हिशेब द्यावा लागतो, आणि त्या हिशेबात हाताखालची माणसे आधी मोजली जातात. आपल्या लेकरांना पदवी अवश्य मिळो. पण घरात पेढे वाटताना त्यांना एवढे जरूर सांगा की तुम्हांला माणसे सांभाळावयाची आहेत.